महेंद्रनं बांधलेलं जुनं गाव

भांडगावच्या महेंद्र ओव्हाळला डोंगर बांधता येतो. सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा गिलावा. तो ओला असतानाच चमच्यानं भेगा कोरायच्या आणि वाळल्यावर रंग मारायचा. वडील चांगदेव गवंडी होते, पण ही विद्या महेंद्र दुबईत शिकला. एजंटानं त्याला इमारतीवर म्हणून नेलं आणि सोडलं थीम पार्कच्या कामावर. तिथून दोहा, मग मलेशिया, मग व्हिएतनाम. अठरा वर्षं गेली.

सुट्टीवर आला की बायको करुणा विचारायची, "तिकडं काय काय बघितलं?"

"काय न्हाई गं. देश बदलतो, पार्क तेच. फाटकावर किल्ला. आत भोक पाडलेला डोंगर, त्यातनं गाडी सुटती आन् लोकं किंचाळत्यात. बाहेर पडायची वाट दुकानातनंच. आन् एक जुनं गाव असतंयच. बाजार, विहीर, सरदाराचं घर. डोंगराच्या मागं गेलं की नुसत्या सळया, आन् तिथं डबा खात बसलेले आपण."

आई भागुबाई थकली तसा तो कायमचा परतला. त्याच सुमाराला हायवेलगत बापूसाहेबांनी पार्क काढलं. बापूसाहेब मोठे बागायतदार; परदेशात फिरून आले होते आणि मोबाइलमध्ये शेकड्यांनी फोटो घेऊन आले होते. त्यांनी 'जुनं गाव' महेंद्रवर सोपवलं.

नकाशा पुण्याहून आला. महेंद्रनं तो घरात फरशीवर पसरला आणि आईला एकेक जागा दाखवली. ही चावडी, हे देऊळ, हा पाटलाचा वाडा, ही विहीर, हा लोहार, हा कुंभार.

"आन् आपली वस्ती?" भागुबाईनं विचारलं.

महेंद्रनं नकाशा फिरवून फिरवून पाहिला. वस्ती नव्हती. मग त्याला आठवायला लागलं. दुबईत त्यानं व्यापाऱ्याची हवेली बांधली होती, पाणी वाहणाऱ्याचं घर नाही. मलेशियात मुखियाचं घर बांधलं, झाडणाऱ्याचं नाही. अठरा वर्षांत त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. त्याची त्यालाच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी तो बापूसाहेबांकडं गेला.

"मिस्तरी, लोकं हितं हसायला येत्यात," बापूसाहेब शांतपणे म्हणाले. "ते कशाला उकरायचं? आन् आता कुठं राहिलंय तसलं?"

"राहिलं न्हाई, तर दाखवाया काय हरकत हाय, साहेब?"

"नकाशात न्हाई ते बांधायचं न्हाई."

तरी त्यानं बांधलं. उरलेल्या जाळीतून, पार्कातल्या ओढ्याच्या पलीकडं, एक बुटकं घर. मापं भागुबाईनं सांगितली. तिच्या माहेरच्या दारातून आत जाताना बापाला कमरेत वाकावं लागायचं, तेवढंच दार. बापूसाहेबांनी येताजाता घर पाहिलं, पण पाडायला सांगितलं नाही. महेंद्रला वाटलं, पटलं त्यांना.

पार्क उघडल्यावर तो आईला आणि करुणाला घेऊन गेला. भागुबाई विहिरीपाशी थांबली. लहानपणी गावच्या विहिरीवर तिला चढू देत नसत. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. तिनं काठावर तळहात टेकवला.

"आजी, हात नका लावू, रंग जातो," रखवालदार म्हणाला. तो सगळ्यांनाच तसं सांगत होता. पण भागुबाईनं चटका बसावा तसा हात मागं घेतला. साठ वर्षं झाली तरी हात काही विसरला नव्हता.

"चल, आपलं घर दाखव," ती म्हणाली.

घराचं दार उंच केलेलं होतं. भिंतीवर दोन निळ्या पाट्या होत्या. एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. आत पांढऱ्या फरशा आणि फिनेलचा वास. भागुबाई आत जाऊन आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "नळाला पानी हाय बाबा."

महेंद्रनं फाटकावर गाठून विचारलं तेव्हा बापूसाहेब हसून म्हणाले, "पाडलं का मी तुमचं घर? उलट समद्यात जास्त लोकं तिथंच जात्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आत महेंद्र घण घेऊन आला. एक भिंत पाडून झाली, तेवढ्यात रखवालदारांनी त्याला धरलं. पोलीस चौकीत बापूसाहेबांनी माफी मागायला सांगितलं. त्यानं मागितली नाही. शेवटी सरपंचांनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं. भिंत चार दिवसांत पुन्हा उभी राहिली. बांधणारा बिहारचा कारागीर होता, चमच्यानं भेगा कोरायला महेंद्रकडंच शिकलेला.

त्यानंतर भोवतालच्या गावांत त्याला कुणी काम देईना. आईला करुणाच्या हवाली करून तो पुन्हा व्हिएतनामला गेला. नव्या पार्कचा नकाशा हातात आला तेव्हा त्यानं आधी घरं मोजली आणि मोडक्या इंग्रजीत सुपरवायझरला विचारलं, "झाडणारे कुठं राहायचे?"

सुपरवायझरला वाटलं, तो कामगारांच्या खोल्यांबद्दल विचारतोय. त्यानं फाटकाबाहेरच्या पत्र्याच्या शेडकडं बोट दाखवलं. महेंद्रनं जाळी उचलली आणि सरदाराच्या घराचं काम सुरू केलं.