पहिली धार भुईला

आधीच सांगून ठेवते, हे वाचून कुणी मला लिंबू उतरवायचा सल्ला देऊ नका. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि खरं विचाराल तर आजही नाही. मी अ‍ॅनिमेशन शिकलेय. पडद्यावरचं एक बोट हलायचं असेल तरी कुणाला तरी पाठ मोडेपर्यंत बसून ते बोट पुन्हा पुन्हा काढावं लागतं. आपोआप काही हलत नाही, आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशीच कळतं. म्हणून तर जे झालं ते आठवलं की डोकं भणभणतं... आणि त्या दिवशी खोलीत बसलेली माणसं आठवली की संताप होतो, तो वेगळाच.

मी मूळची मुरगूडची. शिकायला कोल्हापुरात आले आणि आत्तीकडं राहिले. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्या घरामागं गोठा आहे आणि गोठ्यात एकच म्हैस, चांदी. बाहेरगावच्यांसाठी सांगते - आमच्याकडं संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून गिलास हातात देतात. कोमट, वर फेस. तालमीतली पोरं, ऑफिसातून परतणारे साहेब, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळे तिथं उभ्यानं पितात. आत्ती तिथं कैक वर्षं बसते. त्या कट्ट्यावर धारेला बसणारी बाई मी तरी ही एकच पाहिली. तोंडानं फटकळ, पण गिऱ्हाईक हलत नाही तिचं.

आमची इन्स्टिट्यूट राजारामपुरीत. खाली दातांचा दवाखाना, वर बारावीचे क्लास, मधल्या मजल्यावर आम्ही. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला शोरील करावी लागते, म्हणजे आपल्या कामाचे निवडक तुकडे जोडून केलेला छोटा व्हिडिओ. स्टुडिओवाले तेवढाच बघतात, मार्कशीट कुणी विचारत नाही. वर्गातल्या पोरांनी रोबो केले, ड्रॅगन केले, तलवारी फिरवल्या. मी आत्ती केली. ती उकिडवी बसते, चांदीच्या कासेला पाणी मारते, एका हातात गिलास धरते, दुसऱ्या हातानं धार काढते, फेस वर येतो आणि ती मान न वळवता गिलास पुढं करते. एवढंच. पण ते करताना मी रोज कट्ट्यावर जाऊन तिचा हात बघत बसायचे. मनगट कुठं वळतं, अंगठा कुठं दाबतो... मोबाइलवर शूट करायचे, इन्स्टिट्यूटच्या मशीनवर एकेक चित्र काढायचे. जेवणाची सुट्टीसुद्धा त्यातच जायची.

शॉट पूर्ण झाल्यावर मोबाइलमध्ये घेऊन मी तो हौसेनं आत्तीला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला.

"ही कोण बाई म्हणायची?"

"आत्ती, तूच की."

"मी न्हवं ही. पहिली धार गिलासात घेत्यात व्हय कुठं? सडाच्या तोंडाला घाण असती. पहिली भुईला सोडायची, मग गिलास. ही कोण तरी भेसळवाली हाय."

माझं डोकंच फिरलं. एवढं राबून केलेल्या कामाला ही बाई भेसळवाली म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाऊन बघितलं तर खरंच की. हात आधी खाली वळतो, मातीत एक बारीक चिर्रकन धार जाते, मग गिलास येतो. रोज बघत होते, पण माझं लक्ष सगळं गिलासाकडं. गिलासातली धार दिसायला छान ना...

"त्ये बदल," आत्ती म्हणाली, "मग सांग लोकास्नी मी हाय म्हणून."

बदलायला थोडीच चित्रं लागणार होती. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून इन्स्टिट्यूटला गेले. तर फोल्डर लॉक. इन्स्टिट्यूट चालवणारे आमचे सर म्हणाले, पुण्याच्या स्टुडिओच्या मॅडम सिलेक्शनला येणार आहेत, सगळ्या रील फायनल झाल्यात, आता कुणी हात लावायचा नाही. म्हटलं ठीक आहे. आणि मग रंगीत तालमीला सरांनी सगळ्यांच्या रील एकामागून एक लावल्या, त्यात विराजच्या रीलमध्ये माझी आत्ती आली. खाली नाव विराजचं. माझ्या रीलमधून ती गायब.

विराज सरांचा भाचा. वाईट मुलगा नाही, पण हाताला वळण नाही आणि बसायची सवय नाही. मी त्याच्याकडं बघितलं तर तो मोबाइलमध्ये मान घालून बसला. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो शॉट माझा आहे."

"तुझ्याकडं अजून चांगले शॉट आहेत की. त्याची रील कच्ची आहे, जरा ॲडजस्ट कर."

"पण सर, चित्रं मी काढलीत."

"कशावर काढलीस? माझं मशीन, माझं सॉफ्टवेअर. म्हणजे काम इन्स्टिट्यूटचं. आणि हे बघ, बाहेरची माणसं येणार आहेत, तिथं तमाशा नको. मुलीच्या जातीनं एवढं तापट असू नये."

हे वाक्य मी मेल्यावरही विसरणार नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी स्नेहा, जिनं ती आत्ती पहिल्या रेघेपासून बघितली होती, ती जिन्यात म्हणाली, "गप बस तेजू. आमच्या पण रील त्यांच्याच हातात हायत." वर्गात एकालाही माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. सगळे गप्प बसले. घरी येऊन मी आत्तीसमोर रागानं रडले. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हस आमची आन् धार त्यो काढणार व्हय? बघूया की."

मॅडम आल्या तो दिवस. भर दुपार, जेवणानंतरची वेळ. पडदे ओढले तरी कडेनं ऊन आत येत होतं, वरच्या क्लासमध्ये कुणीतरी बेंच सरकवत होतं. म्हणजे काही भुताखेताचं वातावरण नव्हतं हो. मी शेवटच्या रांगेत बसले होते. विराजची रील लागली. आत्ती आली, उकिडवी बसली, कासेला पाणी मारलं, गिलास धरला...

आणि तिचा हात खाली वळला.

पहिली धार मातीत गेली. बारीक, चिर्रकन. माती तिथं ओली झाली. मग गिलास आला.

मला वाटलं मी रागानं येडी झाले. ती चित्रं मी काढलीच नव्हती, आणि विराजला त्यातलं काही सुचणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबव. हे फार छान आहे. ही पहिली धार खाली का सोडली रे?"

विराज उभा राहिला. "ते... मॅडम, फ्लोसाठी."

"कसला फ्लो?"

तो सरांकडं बघायला लागला. सर पडद्याकडं बघत होते, त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनीही तो शॉट आधी बघितला होता ना. मी उठले. आवाज मोठाच निघाला, आमच्याकडं बारीक आवाज येतच नाही.

"भुईची असते ती. सडाच्या तोंडाला घाण असते, म्हणून पहिली धार गिलासात घेत नाहीत. ही माझी आत्ती आहे. शॉट माझा आहे. आणि ती भुईची धार फाइलमध्ये नाहीच, मी ती काढलीच नव्हती. फाइल उघडून बघा."

सर म्हणाले, "मॅडम, ही मुलगी जरा..." मॅडमनी त्यांना हातानंच थांबवलं आणि विराजला फाइल उघडायला लावली. सगळी चित्रं एकापाठोपाठ एक स्क्रीनवर आली. पाणी, गिलास, धार सरळ गिलासात. खाली वळणारा हात कुठंच नव्हता. व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातही नव्हता. पुन्हा लावला... नाहीच.

"मी पाहिलंय," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पाहिलंत ना?" मग एकेकाच्या माना हलल्या. स्नेहाचीसुद्धा. तेव्हा हलल्या बरं का, आधी नाही. सर म्हणाले, प्रोजेक्टरचा प्रॉब्लेम असेल. प्रोजेक्टर हात काढतो का हो? मी तोंडावर विचारलं.

मॅडमनी मशीनवर चित्रं काढायचं पेन माझ्यापुढं धरलं. "मग काढ ती चित्रं. आत्ता, इथं."

मी काढली. सगळ्यांच्या समोर, घाम पुसत. हात खाली, धार, ओली माती, हात वर. विराज तोवर मागच्या मागं निघून गेला होता. मॅडमनी फाइलमधलं जुनं चित्र आणि माझं नवं चित्र शेजारी ठेवून बघितलं आणि सरांना म्हणाल्या, "हात एकाच माणसाचा आहे, हे सांगायला मला प्रोजेक्टर लागत नाही." मला त्यांनी ट्रेनी म्हणून घेतलं. भाच्याला नाही. तरी आजही इन्स्टिट्यूटच्या जिन्यात पोस्टर आहे, त्यावर विराजचा फोटो आणि मागं माझी आत्ती. काढा म्हणून दोनदा सांगितलं. कोडगे आहेत, काय करणार.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलं नसतं. प्रोजेक्टर म्हणून सोडून दिलं असतं.

संध्याकाळी नवा शॉट मोबाइलमध्ये घेऊन मी कट्ट्यावर गेले. आत्ती गिऱ्हाईक सोडून आमच्या गोठ्याशेजारी राहणाऱ्या गवळ्याशी भांडत होती. मला बघून तिनं ते भांडण मलाच सांगायला घेतलं.

"दुपारी जेवून जरा पडलते. उठून गोठ्यात गेले तर चांदीनं पान्हा सोडलेला. माझ्याबिगर ती कुणाला पान्हा सोडत न्हाय, तुला म्हाईत हाय. ह्येला इच्यारतीया, कोण आलतं? तर ह्यो म्हणतो कुणी चोरलं असंल."

"किती दूध गेलं?"

"तेच की गं. कास भरल्याली. फकस्त खाली भुई वली, एका धारंची. चोर असता तर भांड्यात नेलं असतं, भुईला कशाला सोडंल?"

माझ्या हातातला मोबाइल मी तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावला, सगळं बघितलं, धार मातीत गेली तसा तिचा स्वतःचा अंगठा हलला.

"हां," ती म्हणाली, "आता ही मी." आणि लगेच चांदीखाली बसली, कारण गिऱ्हाईक ओरडत होतं.

मी तिला दुपारचं काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, शिकून येडी झालीस.

आता पुण्यात काम करते. परवा चहाला मॅडम सहज म्हणाल्या, "तू त्या दिवशी काढलेली चित्रं चांगली होती. पण त्याआधी पडद्यावर जो हात दिसला ना... तो तुझ्यापेक्षा मुरलेला होता." हे कसं झालं, कुणी केलं, मला खरंच माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पण प्रोजेक्टरचं नाव काढू नका. रोज काम संपलं की मी तो हात काढायला बसते. अंगठ्याचा तो दाब मला अजून जमलेला नाही.