पेंग्विनच्या पोटातली शिट्टी

“बागेतली कचऱ्याची पेटी शिट्टी वाजवते, तिचा काहीतरी बंदोबस्त करा,” पुंडलिक साळवे वॉर्ड ऑफिसात म्हणाले, तेव्हा टेबलामागच्या मोनिकानं पेन खाली ठेवलं.

“कोणती पेटी, काका?”

“ती पेंग्विनची.”

“गाणं कोणतं वाजवतो?” दारात चहा पीत उभ्या असलेल्या गोकुळनं विचारलं. तो बागेचा सफाई कामगार. पुंडलिकराव हसले नाहीत. मोनिकानं अर्जात ‘पेटी नादुरुस्त’ असं लिहिलं, कारण शिट्टीसाठी रकाना नव्हता.

पुंडलिकराव मूळचे फुलंब्रीकडचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं बेअरिंग तपासली. काम कानाचं होतं. बेअरिंग बोटावर फिरवायचं, कानाशी न्यायचं, आत धुळीचा कण जरी असला तरी बाजूला टाकायचं. घरी मात्र त्यांची बायको पारूबाई बहिरी होत गेली. मग तिला कानातलं मशीन घेतलं. झोपताना ती ते काढून ठेवायची आणि म्हणायची, “आता द्या शिव्या, किती द्यायच्या त्या.”

मागच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती. पुंडलिकरावांना वाटलं, झोपलीय, म्हणजे मशीन काढलेलं असणार. खिडकीशी उभं राहून ते पुण्याच्या मुलाशी, संघपालशी, फोनवर बोलले. “लई हाल व्हायलेत रे. आता सुटली तर बरं.”

फोन ठेवून वळले, तर तिचे डोळे उघडे होते. तिनं कानातलं मशीन काढलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. चालू मशीन मुठीत धरलं की बारीक शिट्टी घालतं. तशी ती मूठ वाजू लागली. पारूबाईनं मशीन परत मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यांच्या कॉलनीत एक रीत पडून गेली आहे. गेलेल्या माणसाचा चष्मा, कवळी, गोळ्यांचा डबा कोणी घंटागाडीत टाकत नाही. दारात चार बाया बघत असतात. सकाळी फिरायला जाताना वस्तू रुमालात बांधून न्यायची, बागेतल्या पेंग्विनच्या उघड्या चोचीत सोडायची आणि मागं न बघता चालू लागायचं. पारूबाईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनीही तेच केलं. मशीन बंद कुठून करतात ते पारूबाईलाच ठाऊक होतं. ते चालूच राहिलं.

त्याचा सेल फार तर दहा-बारा दिवस टिकतो. अकरा महिने झाले तरी शिट्टी येत होती. पेटीजवळ कोणी बोलायला लागलं की ती थोडी वाढायची, कोणी कान देऊन ऐकावं तशी. पुंडलिकराव बागेत बोलेनासे झाले. मग घरातही. संघपालचा फोन आला की ते नुसते हुंकार द्यायचे. तिला अजून ऐकू येतंय, मशीन बंद केल्याशिवाय ती सुटायची नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पहिल्या तक्रारीनंतर पेंग्विनला नवा रंग दिला. दुसरीनंतर त्याच्या पोटावर ‘स्वच्छता राखा’ लिहिलं. तिसऱ्या तक्रारीनंतर गोकुळ पहार घेऊन आला.

पेटीचं बुड सिमेंटात बसवलेलं होतं. कचरा वरच्या वर हातानं काढायचे, तळ कधीच रिकामा झाला नव्हता. गोकुळनं पोट फोडलं. चष्मे, कवळ्या, एक मनगटी घड्याळ, इन्सुलिनच्या सुया, एका पायाचा बूट, सगळं गवतावर आलं.

“मामा,” गोकुळ हळूच म्हणाला, “अख्खी कॉलनीच हाय की हितं.”

पुंडलिकराव खाली बसून एकेक वस्तू चाचपत राहिले. मशीन सापडलं. सेलच्या खणात नुसता हिरवा गंज.

“हे कवाच मेलंय,” गोकुळ म्हणाला. “हे वाजत नव्हतं, मामा.”

त्यांनी ते कानाशी नेलं. आत काहीच नव्हतं. बागेतही शिट्टी नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्यांना झाडावरची साळुंकी ऐकू आली. मशीन त्यांनी गोकुळच्या पोत्यात टाकलं.

त्याच दुपारी मोनिकानं त्यांना सहीसाठी बोलावलं. “नवी पेटी झाकणाची बसवतोय, काका. तक्रार निकाली. आता तरी खूश ना?”

“व्हय,” ते म्हणाले. डाव्या हाताची मूठ टेबलावर टेकवून त्यांनी उजव्या हातात पेन घेतलं.

मोनिकानं मान तिरकी केली. पंख्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

“काका, ही बारीक शिट्टी कुठून येतीय?”

पुंडलिकरावांनी मूठ उघडली. तळहात रिकामा होता. आवाज थांबला.

ते तळहाताकडं बघत राहिले. मग त्यांनी एकेक बोट मिटवलं, मूठ छातीशी धरली आणि सही न करता ते बाहेर पडले.