वीस तळटिपा

कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागे तळटीप सर म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. राग तर सोडाच, मनातून खूशच असायचे. पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडायचे. संदर्भ, टिपा, सूची. मजकूर मागाहून. बायको म्हणायची, "ह्यांना जेवायला वाढलं तर विचारतील, भाजी कुठून आणलीस आणि पावती आहे का."

इतिहास नि समाजशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांची परीक्षणं सर एका त्रैमासिकात तीस वर्षं लिहीत होते. पद्धत ठरलेली. प्रत्येक पुस्तकातल्या वीस तळटिपा निवडायच्या, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं, मूळ कागद काढायचा आणि ताडून बघायचं. बाकीचे परीक्षक प्रस्तावना चाळून चार गोड ओळी खरडतात. त्यांच्याबद्दल सर जे बोलायचे ते इथे न लिहिलेलं बरं. माणूस सरळ होता हो, पण त्या सरळपणाचा तोरा फार!

चार वर्षांपूर्वी एक पुस्तक आलं. जुन्या दुष्काळात सरकारने उघडलेल्या छावण्यांचा इतिहास, खंड पहिला. लिहिणारी एका लहान कॉलेजातली तरुण प्राध्यापिका, नोकरी अजून कायम व्हायची होती. पुस्तकाचा सगळा डोलारा एका सरकारी अहवालावर उभा. सरांनी ग्रंथालयातला अहवाल काढला आणि वीस टिपा ताडल्या. वीसच्या वीस चुकीच्या! एकशे बारा पानावर मेलेल्या मुलांचे आकडे आहेत असं पुस्तक सांगतं, आणि तिथे बघावं तर पाण्याच्या टाक्यांचं वर्णन. दोन पानं मागे पाहिलं, दोन पानं पुढे पाहिलं, काही नाही. सर भडकले. "मेलेल्यांची तरी लाज बाळगायची!" असं घरी येऊन म्हणाले, आणि एका बैठकीत परीक्षण लिहून मोकळे झाले. शेवटचं वाक्य असं: लेखिकेने हा अहवाल एकतर पाहिलेला नाही, किंवा वाचक तो पाहणार नाहीत याची तिला खात्री आहे.

वाक्य गाजलं. "काय धुतलंत सर!" म्हणून संपादकांचा फोन आला. बाईंच्या कॉलेजातल्या समितीने तोच अंक टेबलावर ठेवला आणि त्यांना घरी पाठवलं. हे सरांच्या कानावर आलं. वाईट वाटलं का? नाही वाटलं, खोटं कशाला सांगू?

यंदा ग्रंथालयाची जुनी कपाटं हलवली. ग्रंथपाल बाईंनी सरांना हाक मारली, "सर, तुमचा तो छावण्यांचा अहवाल. आणखी एक प्रत निघाली बघा. पण ही जाड कशी?"

सरांनी उघडली. ही पहिली छपाई. सुरुवातीला छावण्यांच्या याद्यांची सोळा पानं. दुसऱ्या छपाईत ती गाळली होती आणि पानांचे आकडे नव्याने घातले होते. सरांनी ताडली होती ती दुसरी छपाई. बांधणीत तिचं पहिलं पान गेलेलं, त्यामुळे कितवी छपाई ते तिच्यावर कुठेच नव्हतं. पण विचारायला कोणी बंदी केली होती? सरांनी जाड प्रतीचं एकशे बारावं पान काढलं. मेलेल्या मुलांचे आकडे, ओळीने. छावण्यांच्या इतिहासाचं ते पुस्तक मागवून उभ्याउभ्या वीसही टिपा ताडल्या. वीसच्या वीस बरोबर.

घरी आले ते खालमानेने. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाईंचं तेव्हा पत्र आलं होतं ना?"

आलं होतं. ज्यांच्या पुस्तकावर लिहिलं त्यांची पत्रं सर उघडतच नसत. लेखक रडतात, ओळखी सांगतात, धमक्या देतात, ते वाचायचंच कशाला, असा त्यांचा कायदा. बायकोने खालच्या खणातून न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा काढला आणि त्यातलं एक पुढे केलं. आत पाच ओळी. 'माझे पृष्ठांक पहिल्या छपाईचे आहेत. आपण बहुधा दुसरी पाहिलीत. सोळा पानं मागे जाऊन बघावं. समिती वीस तारखेला बसते आहे. कृपया एकदा बघाच.' पाकिटावरचा शिक्का सहा तारखेचा होता.

"पाच ओळी वाचायला तुमचं काय जात होतं हो?" बायको म्हणाली. सरांनी त्याच रात्री दुरुस्ती लिहून संपादकांना पाठवली.

संपादक आधी म्हणाले, "अहो, चार वर्षांपूर्वीचा अंक कोण उघडतंय? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?" सर हटून बसले, तेव्हा कुठे शेवटच्या पानावर चार ओळी छापून आल्या. तो अंक घेऊन सर बाईंना शोधत गेले.

परीक्षांची गाइडं छापणाऱ्या एका ऑफिसात बाई मुद्रितं तपासत होत्या. सरांनी अंक पुढे केला. बाईंनी चार ओळी वाचल्या, सवयीने त्यातला एक चुकलेला स्वल्पविराम लाल पेनने दुरुस्त केला आणि अंक परत दिला.

"मी चुकलो," सर म्हणाले. "तुमचं पत्रही मी उघडलं नव्हतं."

"उघडलंच नव्हतं?" बाई बघतच राहिल्या. "मला वाटलं, तुम्ही पुन्हा ताडून पाहिलंत आणि मीच चुकले. पहिली छपाई मी सरकारी दफ्तरखान्यात पाहिली होती, आणि नोकरी गेली तसं तिथलं ओळखपत्र गेलं. मला बघायला कोण देणार होतं? बरेच दिवस झोप नव्हती. वाटायचं, आपण खरंच बघितलं होतं का ते पान?"

"आता दुसरा खंड पूर्ण करा," सर घाईघाईने म्हणाले. "मी लागेल ती मदत करीन."

"दुसरा खंड माणसांच्या तोंडून होता, सर. लहानपणी छावणीत राहिलेली एकेचाळीस म्हातारी माणसं. तीन वर्षं घरोघर बसून लिहून घेतलं होतं. अकरा वह्या. घर बदलताना रद्दीत घातल्या. म्हटलं, जिला पान धड बघता येत नाही तिने माणसांचं काय ऐकलं असेल!"

"त्यांच्याकडे पुन्हा जाऊ. मी येतो बरोबर."

"शेवटच्या आजी गेल्या वर्षी गेल्या. आता कोणी नाही."

सरांना बसवेना आणि उठवेना. त्यांनी विचारलं, "तुम्हाला तर आठवत असेल? आठवेल तेवढं लिहा."

"पुष्कळ आठवतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सरांना सोसेना. "पण तुम्हीच विचाराल ना सर, याला आधार काय?"

सरांनी अंकाची घडी घातली. त्यांनी विचारलं असतं. परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत विचारलं असतं.