चिकाचा सदरा

आमच्या प्रदर्शनासाठी केळीच्या खोडातून धागा काढून देणारा माणूस चोपड्याकडचा. धाग्याला हात लावण्याआधी तो दरवेळी विजारीच्या मागे हात पुसायचा. इतक्या अदबीने मी आजवर कशालाच हात लावलेला नाही.

जळगावात मी हॉल अंधारा करून भिंतींवर केळीच्या पानांच्या सावल्या हलवल्या, पानांची सळसळ ऐकवली, त्या धाग्याच्या साड्या छतापासून सोडल्या. मधोमध मला त्याचा कामाचा सदरा टांगायचा होता. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मात निघत नाही. फलक मी आधीच लिहिला होता, 'श्रमाचा नैसर्गिक रंग', आणि लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झालो होतो.

सदरा त्याने आणला तो धुऊन, इस्त्री करून. "तीन डाव धोया भाऊ, पन डाग काय निंघना नही," तो ओशाळून म्हणाला.

उद्घाटनाला पाहुणे सदऱ्याचे फोटो काढू लागले. तो गर्दीतून पुढे आला, टांगलेला सदरा खाली काढला, डाग आत जातील अशी घडी घातली आणि फलकाखाली नीट ठेवून दिला. मग त्याचं लक्ष माझ्या कुर्त्याकडे गेलं. तसलेच डाग मी त्यावर हौसेने छापून घेतले होते.

"नवा शे ना?" तो हळहळला. "तुमलेबी चीक लागना?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि "हो" म्हणालो.

त्याने विजारीच्या मागे हात पुसला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.