ठसा अस्पष्ट

भूकंपाच्या आधी बरेच महिने आमच्या गावाखाली जमीन गुरगुरायची. फळीवरची भांडी वाजली की आम्ही पोरं अंगणात पळायचो. वडील म्हणायचे, "नेहमीचंच हाय, बसा आत." हळूहळू आम्ही पळणंच सोडलं. भूकंपातून आई आणि मी, दोघंच उरलो.

एवढं भोगलेल्या माणसाला तरी अक्कल यावी की नाही? नांदेडच्या एका लहान कंपनीत मी हजेरीच्या मशीनचा ड्रायव्हर लिहायचो, म्हणजे बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर चालवणारा प्रोग्राम. ठसा कळला नाही की 'ठसा अस्पष्ट' अशी वॉर्निंग लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, पडायची. दिवसभर तेच. माझं डोकं उठायचं. नेहमीचंच आहे म्हणून मी ती नोंद वॉर्निंगमधून काढून डीबगमध्ये, म्हणजे फक्त आम्ही तपासताना चालू करतो त्या नोंदींत, ढकलली. विकलेल्या मशीनमध्ये डीबगच्या नोंदी साठतच नाहीत. लॉग स्वच्छ झाला आणि साहेब खूश झाले.

मशिनी लातूरच्या कोचिंग क्लासेसमध्ये लागल्या. पोरगं गैरहजर दिसलं की घरी मेसेज. एक दिवस तिथल्या एका क्लासमधून फोन आला. किनवटकडची एक मुलगी म्हणते रोज येते, मशीन गैरहजर दाखवते, आणि बाप तिला कायमचं घरी न्यायला येऊन बसलाय. वर्गात एवढी गर्दी, की तिला चेहऱ्यानं ओळखणारं कुणी नव्हतं. मी लॉग मागवला. त्यात काहीच नव्हतं.

"मशीन ठीक आहे," मी सांगितलं आणि जेवायला गेलो.

महिन्याभरानं दुसऱ्या कामासाठी त्याच क्लासमध्ये गेलो. तपासताना डीबग चालू केलं, तर सकाळच्या रांगेत 'ठसा अस्पष्ट'ची रीघ लागली. नीट पाहिलं तर सगळ्या शेतात राबणाऱ्या घरच्या पोरी, बोटांच्या रेषा झिजलेल्या. हजेरी लागेपर्यंत त्या चार-चारदा बोट दाबत होत्या. त्या किनवटकडच्या मुलीची तर लागलीच नसणार.

क्लासमधून नंबर घेऊन तिच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, "मी मशीनच्या कंपनीतून बोलतोय. चूक माझी आहे, तिला परत पाठवा. फीचं मी बोलतो."

ते म्हणाले,

"'मी रोज बोट लावून राहिले' म्हणून लई रडली पोरगी. म्या ऐकलं न्हाई. आता सोयरीक झाली तिची." मग हळूच विचारलं, "मशीन ठीक हाय म्हणून तुमीच सांगितलं होतं ना, साहेब?"

"हाव," मी म्हणालो.