निसरड्या कातळावरची पोरं

सप्टेंबरातला शेवटचा रविवार, सकाळी साडेसात. हजर: विरारच्या आमच्या सोसायटीतले सात जण, वालीवच्या एका कारखान्यातून आणलेली ऐंशी रिकामी पोती, दोन फावडी, चहाचा थर्मास आणि तांडेल. तांडेलांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आमच्या आधीच ओढ्यात, गुडघाभर पाण्यात डोळे मिटून उभे होते.

"जरा गप ऱ्हा," ते म्हणाले. "पानी ऐकू द्या."

आयुष्यभर पाचूबंदरहून होडी नेणारा, होडीवरच्या सगळ्यांचा म्होरक्या म्हणून 'तांडेल' झालेला हा कोळी. होडी मुलाला देऊन ते तुंगारेश्वरच्या पायथ्याशी लेकीकडे राहायला आले आणि समुद्राऐवजी ओढा वाचू लागले. पाण्याच्या आवाजावरून पुढच्या वळणावर कोणता बेडूक असेल ते सांगायचे. आणि तो असायचाच! "समुद्रात मासा जागा धरून असतो. बेडूक काय येगळा? कुनाला डोह, कुनाला खळखळ, कुनाला पान्यावर वाकलेलं पान."

आम्ही मातीने भरलेली पोती ओढ्यात रचून वनराई बंधारा घालायला गेलो होतो. जागा मी आधीच कामांच्या यादीत लिहिली होती: उभ्या कातळाच्या जरा खाली. तिथे काठ जवळ येतात, पोती कमी लागतात. पहिलं पोतं भरलं तोच तांडेलांनी मला हाताला धरून कातळापाशी नेलं.

"बग."

"शेवाळ आहे."

"चष्मा पूस, बाय."

पुसला. शेवाळाचा एक ठिपका सरकला. मग दुसरा. मग अख्खा कातळ हलायला लागला! लांब शेपटीची, नखाएवढी बेडकाची पिल्लं पाण्याच्या पातळ पापुद्र्याखाली कातळाला चिकटून शेवाळ खरवडत होती. पन्नाशीला आलेली मी चक्क ओरडले.

"ही पोरं डोहात नाय ऱ्हात," तांडेल म्हणाले. "त्यांना नुसतं ओलं पायजे. तू हितं पानी अडवलंस का कातळ बुडाला."

"पाण्यातल्या जिवाला पाणी जास्त झालं म्हणून काय बिघडतं?" आमचे सेक्रेटरी मागून म्हणाले.

"सेक्रेटरी, तुमाला गच्चीवरच्या टाकीत ठेवला तर ऱ्हाल? पानी लय हाय तिथं."

सगळे हसले, सेक्रेटरीही. मी यादीतली जागा खोडली. बांध दोनशे पावलं खाली घातला. तिथे ओढा रुंद, ऐंशी पोती पुरेनात. उरलेला भाग दगडमातीने भरला. दुपारचे तीन वाजले, माझी एक चप्पल वाहून गेली, तरी मी दर अर्ध्या तासाने कातळ बघून येत होते.

पुढे कित्येक रविवार मी वही घेऊन तांडेलांच्या मागे हिंडले. डोह, खळखळ, कातळ, काठ, असे रकाने आखले. दगड उचलला की ते तो होता तसाच, ओली बाजू खाली करून ठेवत. मी विसरले की लगेच, "कुनाच्या घराचं दार उघडं टाकून जातीस काय गं?"

गेल्या उन्हाळ्यात तांडेल गेले. ओढ्याचा धबधब्याच्या वरचा फाटा आम्ही दोघांनी कधीच पाहिला नाही. त्यांचे गुडघे तेवढं चढू देत नव्हते. यंदा तिथेही बंधारा घालायचं ठरलं आहे आणि जागा मी सांगायची आहे. वहीत पान काढलंय, वर 'वरचा फाटा' लिहिलंय. खालचे चारही रकाने अजून कोरे आहेत.