परिच्छेदाच्या शेवटचा ‘न्हाय’

संगणक सुरू होताना आतून टकटक आवाज आला. पंख्यात काही अडकलं असेल असं वाटलं. दुसऱ्या वेळी आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. मी बटण बंद केलं, प्लग काढून ठेवला.

त्या हार्ड डिस्कमध्ये गुरुजींचं पुस्तक होतं. गुरुजी म्हणजे उमरग्यात मला मराठी शिकवलेले, आता निवृत्त झालेले शिक्षक. नजर अधू झाल्यावर त्यांनी आपल्या बौद्ध वस्तीची हकिकत सांगायला घेतली. धर्मांतरानंतर घरांत काय बदललं, रात्रशाळा कशी चालली, पहिला पगार कोणाच्या घरी आला. ते खाटेवर बसून सांगायचे, मी टाइप करायचे. कागदावर एक ओळ नव्हती. ज्यांच्याकडून त्यांनी हे ऐकलं, त्यांच्यातलं कोणी उरलं नव्हतं. सुरुवातीची थोडी पानं माझ्या पेन ड्राइव्हमध्ये होती, पुढची डिस्कशिवाय कुठंच नव्हती.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. परिच्छेद संपला की गुरुजी विचारायचे, ‘व्हय का न्हाय?’ आणि तेही लिहायचं, हा त्यांचा हट्ट. माझी उमेदीची वर्षं वर्तमानपत्रात बातम्या दुरुस्त करण्यात गेलेली. ते वाक्य मी गाळायचे, आणि वाचून दाखवताना पकडली जायचे.

‘‘संपादकीणबाई, माझा न्हाय कुठं गेला?’’

‘‘गुरुजी, दर वेळी कशाला? वाचणारा कंटाळेल.’’

‘‘कंटाळू दे. जन्मभर पोरांच्या वहीतला न्हाय खोडला म्या. माझा तरी ऱ्हाऊ दे.’’

मी तो परत घालायचे.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने डिस्क पुन्हा सुरू करून बघू म्हटलं. मी नको म्हटलं. आतला भाग बिघडला असेल, तर डिस्क फिरेल तितक्या वेळा उरलेलंही खरवडून जातं, एवढं माहीत होतं. गार केली की चालते म्हणत शेजाऱ्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. तेही ऐकलं नाही. गुरुजींना मात्र लगेच जाऊन सांगितलं. डिस्कमध्ये जीव आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते अजून कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत तिला कोणी हात लावणार नाही.

डिस्क टॉवेलात गुंडाळली, पिशवी मांडीवर घेतली आणि एसटीने सोलापूर गाठलं. तिथं अशा डिस्कमधला मजकूर काढून देणारा एक दुकानदार होता. कपाळावर भस्म, फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी. त्याने कसलंही आश्वासन दिलं नाही. आधी निघेल तेवढं दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवून घेणार आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवरच करणार, असं त्याने सांगितलं. मला ते पटलं.

त्याचा फोन आल्यावर मी पुन्हा गेले.

‘‘ताई, फायली आल्यात, पण नावं गेलीत,’’ तो म्हणाला. ‘‘आणि आत नुसता कचरा आहे. नेऊन काय करताल?’’

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे यांची खिचडी होती. दुसरी फाइलही तशीच. तो त्या पुसायला निघाला होता. मी थांबवलं. परिच्छेद जिथं संपत होता, तिथं चिन्हांचा एक पुंजका होता आणि पुढं प्रश्नचिन्ह. खालच्या परिच्छेदाला पुन्हा तोच पुंजका. त्याखालीही तोच.

कचरा असा नेमाने येत नाही. वर्तमानपत्रातल्या जुन्या फॉन्टवर माझी बोटं बसलेली, म्हणून पुस्तकही मी त्यातच टाइप केलं होतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी अशीच दिसते. वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने फॉन्ट मेल केला. तो बसवल्यावर पुंजका उलगडला: व्हय का न्हाय?

‘‘हे कोण विचारतंय?’’ दुकानदार हसला.

‘‘ज्यांचं पुस्तक आहे ते.’’

रात्रशाळेचं प्रकरण मात्र मधेच तुटलं होतं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पण पुढचं निघालं नाही.

परतल्यावर मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला, म्हणजे तो कुठल्याही संगणकावर, फोनवर वाचता येईल. एक प्रत नव्या डिस्कवर ठेवली, एक इंटरनेटवर, एक गुरुजींच्या लेकीच्या घरी. छापून काढलेली पानं गुरुजींच्या ट्रंकेत गेली. मग त्यांना रात्रशाळेचं सांगितलं.

‘‘कुठवर आहे?’’

शेवटची ओळ वाचून दाखवली. कंदील कोणी आणायचा, यावरून दोन घरांत बोलाचाली झाली होती. पुढं काही नव्हतं.

‘‘कंदिलापाशी तुटलं व्हय,’’ ते म्हणाले आणि खाटेवर उठून बसले. कंदिलापासूनच सांगायला लागले. आधी सांगितलं तसं सगळं येत नव्हतं. एका माणसाचं नाव आठवेना, तेव्हा ती जागा मोकळी ठेवायला सांगितली. परिच्छेद संपला, त्यांचा प्रश्न आला, मी तो टाइप केला. पण पुढचा परिच्छेद सुरू होईना.

‘‘दुसरीकडं ठेवलंस का?’’

मी त्याची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली. ठेवली म्हणून सांगितलं. मग ते पुढं बोलायला लागले.